लकव्यानंतर तोल आणि चाल : कमजोर पायावर वजन टाकायला कसं शिकवायचं

स्ट्रोक म्हणजे लकवा झालेल्या माणसाच्या घरात पहिला प्रश्न ठरलेला, "चालायला कधी लागणार?" आणि मग दोघं जण दोन बाजूंनी काखेत हात घालून पेशंटला उभं करतात, खोलीभर फिरवून आणतात, एक पाय मागून फरफटत येतो आणि सगळ्यांना बरं वाटतं की चला, आज चालले. खरं सांगायचं तर त्यात चालणं काहीच नसतं, पेशंटला फक्त इकडून तिकडे नेलेलं असतं. मेंदूच्या ज्या बाजूला मार बसतो त्याच्या उलट बाजूचे हात-पाय जातात, आणि शरीर इतकं हुशार असतं की पहिल्या काही दिवसांतच ठरवून टाकतं, हा पाय भरवशाचा नाही, सगळं दुसऱ्याकडून करून घ्या. बसताना वजन चांगल्या बाजूला, उठताना जोर चांगल्या पायावर, उभं राहिलं की कमजोर पाय नुसता टेकवल्यासारखा. जितके दिवस असं चालेल तितकी ही सवय पक्की होत जाते. त्यामुळे घरी जो काय व्यायाम करायचा त्याचं एकच काम डोक्यात ठेवा, वजन कमजोर पायावर परत आणायचं. ताकद, तोल, चाल बऱ्यापैकी त्याच्या मागून येते.

खाली जे लिहिलंय ते डॉक्टरांनी पेशंट स्थिर आहे, उठवायला हरकत नाही असं सांगितल्यानंतरचं आहे हे आधीच सांगतो. आणि फिजिओने एकदा तरी पेशंटला हात लावून नीट तपासलेलं असावं, कारण पायात ताकद नसणं वेगळं, पाय कुठे टेकलाय ते कळतच नसणं वेगळं, एका बाजूचं दिसत नसणं वेगळं आणि मेंदू एक बाजू विसरूनच जाणं अजून वेगळं. शेवटचा प्रकार उजव्या मेंदूत स्ट्रोक झालेल्यांमध्ये जास्त दिसतो, डावा खांदा दाराच्या चौकटीला आपटतो आणि पेशंटला पत्ताच नसतो. अशा माणसाच्या हातात काठी देण्याआधी डावीकडे मान वळवून बघायची सवय लावावी लागते, नाहीतर पाय कितीही सुधारला तरी तो धडकून पडणार.

सुरुवात कधी

लवकर, पण घाई नको. एव्हर्ट नावाची एक मोठी चाचणी झाली होती, 2015 मध्ये तिचे निकाल आले, पाच देशांतले 2104 पेशंट होते त्यात. एका गटाला पहिल्या 24 तासांच्या आत उठवून बिछान्याबाहेर जास्त वेळा, जास्त वेळ ठेवलं आणि दुसऱ्या गटाला हॉस्पिटलमध्ये नेहमी उठवतात तसंच. तीन महिन्यांनी बघितलं तर घाई केलेल्या गटात चांगले सुधारलेले 46 टक्के आणि नेहमीच्या गटात 50 टक्के. म्हणजे जास्त करून फायदा झाला नाहीच, उलट थोडा तोटा. पुढे त्याच आकडेवारीत असंही दिसलं की थोडाथोडा वेळ पण बऱ्याच वेळा उठवणं चांगलं. घरी पण हेच सूत्र धरा, सलग तासभर झटापट करण्यापेक्षा दहा-पंधरा मिनिटं, पण दिवसातून चार-पाच वेळा.

पहिले काही दिवस उठवताना बीपीवर लक्ष ठेवा. आडवं असताना एकदा मोजायचं, पाय खाली सोडून बसवल्यावर परत, उभं केल्यावर परत. वरचा आकडा 20 किंवा त्याहून जास्त खाली आला, घाम फुटला, डोळ्यापुढे अंधारी आली की लगेच परत आडवं करायचं आणि डॉक्टरांच्या कानावर घालायचं, कारण बऱ्याचदा गोळ्यांचा डोस थोडा बदलून हे सुटतं आणि घरचे मात्र "अशक्तपणा आहे" म्हणून आठवडाभर उठवायचंच थांबवतात.

सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत सगळ्यात वेगाने होते हे खरं आहे. पण म्हणून सहा महिन्यांनी दार बंद होतं असं जे सगळीकडे सांगितलं जातं ते मला अजिबात पटत नाही. वेग कमी होतो, सुधारणा थांबत नाही, आणि खूपदा ती थांबल्यासारखी वाटते कारण तोपर्यंत सरावच बंद पडलेला असतो.

आधी बसणं

बसायचा तोल आला नसेल तर उभं करायच्या मागे लागू नका. टणक बैठक, पाठीला टेकू नाही, दोन्ही पावलं जमिनीला सपाट, गुडघे काटकोनात. समोरून बघा, पेशंट एका नितंबावर कलून बसलेला दिसेल आणि दोन्ही खांदे एका रेषेत नसतील. आता त्यांना समोरची वस्तू चांगल्या हाताने उचलायला सांगा, हात पोचतो त्याच्या थोडं पुढे ठेवायची म्हणजे धड पुढे यावं लागतं आणि वजन पायांवर उतरतं. मग तीच वस्तू हळूहळू कमजोर बाजूकडे सरकवत न्या. तिकडे हात नेताना त्या बाजूचा नितंब आणि तळपाय दाबला गेला पाहिजे, हेच हवंय आपल्याला. जमायला लागलं की मान वळवून मागे बघणं, खाली वाकून बुटाला हात लावणं असं वाढवत न्यायचं.

एक प्रकार मात्र ओळखता आला पाहिजे. काही पेशंट चांगल्या हाता-पायाने स्वतःलाच कमजोर बाजूकडे ढकलत राहतात, आणि तुम्ही सरळ करायला गेलात की अजून जोर लावतात. घरच्यांना वाटतं हट्टीपणा करतायत, ऐकत नाहीत. तसं नसतं, त्यांच्या मेंदूतली सरळ-उभं ही रेषाच तिरकी झालेली असते, त्यामुळे तुम्ही सरळ केलं की त्यांना पडल्यासारखं वाटतं. इथे जोराला जोर लावून काही उपयोग नाही. दाराच्या चौकटीसारखी उभी रेष समोर दाखवा आणि स्वतःला त्याच्याशी ताडून बघायला सांगा, चांगल्या बाजूला भिंत असू द्या आणि "या भिंतीला खांदा लावा" म्हणा, चांगल्या हाताला वस्तू घेण्याच्या कामात गुंतवा म्हणजे तो ढकलायला मोकळा राहत नाही. बहुतेकांचं हे काही आठवड्यांत-महिन्यांत कमी होतं.

उठणं-बसणं, सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

मला कोणी विचारलं की घरी एकच व्यायाम करायचाय तर कोणता, तर मी खुर्चीवरून उठणं-बसणंच सांगेन. यात पायाची ताकद आहे, तोल आहे, वजन टाकणं आहे, आणि संडास, बिछाना, गाडीची सीट सगळीकडे तेच लागतं.

खुर्ची हलणारी नको, भिंतीला टेकवून ठेवा. सुरुवातीला बैठक उंच हवी, घट्ट उशी किंवा दुमडलेली सतरंजी घालून उंच करा, कारण उंचीवरून उठणं सोपं. पेशंटला बैठकीच्या कडेपर्यंत पुढे सरकवा. पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे घ्या, आणि मुख्य गोष्ट म्हणजे कमजोर पाऊल चांगल्या पावलाच्या बरोबरीला किंवा बोटभर मागेच ठेवा. जो पाय मागे असतो तो उठताना जास्त वजन घेतो. तुम्ही लक्ष दिलं नाहीत तर दर वेळी पेशंट चांगला पाय मागे आणि कमजोर पाय पुढे लांब सोडून उठेल, तसे शंभर वेळा उठले तरी कमजोर पायाला काहीच काम नाही.

आता उठताना नीट बघा. आधी धड पुढे झुकतं, नाक पायाच्या बोटांच्या रेषेत येतं, मग बैठक सुटते. ज्या क्षणी बैठक सुटते तेव्हा कमजोर गुडघा थरथरायला लागतो किंवा आत वळतो, टाच उचलली जाते, आणि चांगला हात खुर्चीचा हात पकडून सगळं शरीर तिकडे ओढून घेतो. ही पळवाट बंद करायची. दोन्ही हात एकमेकांत गुंफून पुढे धरायला सांगा, तुम्ही कमजोर बाजूला समोरून बसा, एक हात त्यांच्या कमजोर गुडघ्यावर आणि उठताना तो गुडघा हलकेच पुढे आणि खाली, टाचेच्या दिशेने दाबा म्हणजे टाच जमिनीला राहते आणि पेशंटला कळतं वजन कुठे द्यायचंय. वर आल्यावर दोन-तीन श्वास थांबायचं. बसताना धपकन बसू द्यायचं नाही, खरं तर हळू बसण्यातच ताकद जास्त वाढते, चार मोजत खाली यायचं.

पहिल्या दिवशी पाच जमले तरी पुरे. हळूहळू आठ-दहाचे तीन-चार राउंड दिवसभरात विभागून. सोपं वाटायला लागलं की बैठक खाली आणा, आकडा वाढवायच्या आधी उंची कमी करा असं माझं मत आहे.

आधार देताना काखेत हात घालायचा नाही आणि कमजोर हात धरून ओढायचं तर मुळीच नाही. खांद्याचा सांधा स्नायूंनीच जागेवर धरलेला असतो, ते स्नायू सैल पडलेत, तुम्ही ओढलंत की सांधा खाली सरकतो आणि मग जे दुखणं सुरू होतं ते महिनोन् महिने जात नाही, पेशंट व्यायामालाच नको म्हणायला लागतो. कमरेला रुंद पट्टा बांधा आणि मागून त्याला धरा. बिछान्यावरून खुर्चीत नेताना सुरुवातीला खुर्ची चांगल्या बाजूला ठेवा, ते सुरक्षित पडतं, जमायला लागल्यावर दोन्ही बाजूंनी करा.

उभं राहून

समोर पक्कं टेबल किंवा ओटा, मागे खुर्ची, कमजोर बाजूला तुम्ही. घरात दोन वजनकाटे मिळाले तर त्यासारखं सोपं साधन नाही, एक-एक पाय एकेकावर ठेवून उभं करा. 60 किलोचा माणूस असेल तर चांगल्या पायाखाली 45 आणि कमजोर पायाखाली 15 असलं काहीतरी दिसेल आणि पेशंट म्हणेल मी तर सरळ उभाय. आकडा समोर दिसला की त्यांना स्वतःलाच कळतं. कमजोर पायाखाली 20, मग 25, असं करत निम्म्यापर्यंत आणायचं, आणि नंतर मुद्दाम निम्म्याच्या वर न्यायचं.

त्याच्या पुढची युक्ती म्हणजे चांगला पाय कामातून काढायचा. चार-पाच इंचांचा ठोकळा किंवा पक्की पायरी समोर ठेवा आणि चांगलं पाऊल त्यावर ठेवायला सांगा. लोक कमजोर पाय उचलायचा सराव करत बसतात, तोही हवा, पण चांगला पाय उचलल्यावर कमजोर पायाला पळून जायला जागाच नसते, सगळं वजन त्याच्यावर. आधी नुसतं ठेवायचं, मग ठेव-काढ, मग हाताचा आधार एका बोटापर्यंत कमी करायचा. यावेळी गुडघ्याकडे बघा. तो एकतर मटकन पुढे वाकेल, म्हणून हात तिथे तयार ठेवायचा, नाहीतर मागे कटकन लॉक होईल. मागे लॉक होणं दिसायला स्थिर वाटतं पण वाईट, रोज हजारदा गुडघा मागे गेला तर सांध्याच्या मागचं सगळं ताणलं जातं आणि मग तो दुखतोच. गुडघा किंचित ढिला, आपण म्हणतो ना सुटा ठेवा, तसा ठेवून उभं राहायचं आणि त्याच स्थितीत थोडं खाली-वर करायचं. तरी सारखा मागे जात असेल तर कारण पोटरी आखडली आहे का मांडी कमजोर आहे हे फिजिओकडून बघून घ्या, दोघांचे उपाय वेगळे.

उभ्याने तोल वाढवायचा म्हणजे पाय जवळ आणा, मग एक पाऊल अर्धं पुढे, मग एकामागे एक, मान डावी-उजवी, चेंडू झेलणं, बाजूला चालणं, उलटं चालणं. डोळे बंद करून करायचं असेल तर खोलीच्या कोपऱ्यातच, दोन्हीकडे भिंत आणि समोर खुर्ची. पेशंट थोडा डगमगला पाहिजे, अजिबात डगमगत नसेल तर सराव फारच सोपा चाललाय, पण डगमगल्यावर सावरायला कोणीतरी हवंच.

पाऊल टाकताना

पाय गोल फिरवून टाकणं, कुल्हा वर उचलून पाय ओढणं, चवडा जमिनीला घासणं ही चाल सगळ्यांना ओळखीची आहे. "पाय सरळ टाका, सरळ टाका" असं मागून ओरडून काही होत नाही. पेशंट पाय फिरवतो कारण गुडघा वाकत नाही किंवा पाऊल लोंबतं, आणि न फिरवता टाकला तर अंगठा अडकून तो पडेल, म्हणजे ते त्याच्या परीने बरोबरच करतोय. पाऊल लोंबत असेल तर त्याला एएफओ म्हणजे पोटरीपासून तळपायापर्यंतचा प्लास्टिकचा स्प्लिंट लागतो. तो बुटातच घालायचा, अनवाणी गुळगुळीत फरशीवर नाही. काढल्यावर रोज कातडी बघायची, लाल डाग वीस-तीस मिनिटांत गेला नाही तर स्प्लिंट कुठेतरी दाबतोय, ज्यांची संवेदना गेलीय त्यांना जखम होईपर्यंत कळत नाही. स्प्लिंट घातला की पाय आळशी होतो ही भीती बरेच जण धरतात, पण पडण्याच्या भीतीने चार पावलं टाकणाऱ्यापेक्षा स्प्लिंट घालून चारशे पावलं टाकणारा केव्हाही पुढे जातो. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला खाली जी नस जाते तिला पाऊल उचलायच्या वेळेला करंट देणारी मशीनही मिळते, ती कोणाला चालेल ते तपासून ठरवतात.

दुसरी गोष्ट जी घरच्यांच्या लक्षातच येत नाही, ती म्हणजे चांगल्या पायाचं पाऊल छोटं पडणं. सगळे कमजोर पायाकडे बघत असतात, तो तर पुढे येतो, पण चांगला पाय घाईघाईने त्याच्या शेजारीच येऊन टेकतो, पुढे जातच नाही. का, तर चांगला पाय हवेत असतो तेवढा वेळ कमजोर पायावर एकट्याने उभं राहावं लागतं आणि तेच नको असतं. म्हणजे दोष परत तिथेच, वजनात. जमिनीवर चिकटपट्टीच्या आडव्या रेघा मारा आणि चांगलं पाऊल प्रत्येक रेघेच्या पुढे पडलं पाहिजे असं सांगा. मोबाईलवर मेट्रोनोमचं, म्हणजे टक-टक असा एकसारखा ठेका देणारं ॲप लावून ठेक्यावर पावलं टाकली तरी दोन्ही पावलांचा वेळ सारखा व्हायला लागतो, काही जणांचा तर लगेच फरक दिसतो.

किती चालायचं तर, लोक करतात त्यापेक्षा बरंच जास्त. 2009 मध्ये संशोधकांनी फिजिओचे सेशन प्रत्यक्ष बघून मोजले होते तेव्हा एका सेशनमध्ये सरासरी साडेतीनशेच्या आसपास पावलं निघाली, आणि धडधाकट माणूस दिवसात काही हजार टाकतो. मेंदू नवी वाट पाडतो ती त्याच कामाच्या पुनरावृत्तीने, पलंगावर झोपून पाय वर-खाली करून चालणं येत नाही, चालूनच येतं. त्यामुळे सेशनच्या बाहेरची पावलं महत्त्वाची, पाण्यासाठी उठणं, खिडकीपर्यंत जाणं, सगळं हातात आणून देऊ नका.

प्रगती मोजायची असेल तर अंदाजाने नको. दहा मीटर आखून घ्या, आधी-नंतर थोडी जागा सोडा, आणि नेहमीच्या वेगाने चालताना वेळ लावा. 25 सेकंदांपेक्षा जास्त लागले तर वेग सेकंदाला 0.4 मीटरच्या खाली, असा माणूस साधारण घरातल्या घरातच फिरतो. साडेबारा सेकंदांच्या आत आला की 0.8 च्या वर, म्हणजे बाहेर मोकळं फिरता येण्यासारखं. ही विभागणी माणसाच्या चालीचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टर जॅकलिन पेरी यांनी 1995 मध्ये मांडली आणि अजून वापरतात. दुसरी सोपी चाचणी, खुर्चीतून उठून 3 मीटर जाऊन वळून परत येऊन बसणं, साधारण 14 सेकंदांच्या वर गेलं तर पडायचा धोका जास्त धरतात. फिजिओ तोल मोजायचं बर्ग स्केल लावतील, 14 कामं, प्रत्येकी 4 मार्क, एकूण 56, आणि 45 च्या खाली असेल तर काळजी जास्त घ्यायची. महिन्यातून एकदा मोजलं तरी पुरे, रोज मोजून नुसती चिडचिड होते.

काठी, वळणं, जिना

काठी चांगल्या हातात. हे ऐकून बरेच जण चकित होतात. बूट घालून उभं राहून हात सरळ सोडला की मनगटाची घडी जिथे येते तिथे काठीची मूठ, म्हणजे धरल्यावर कोपर थोडं वाकलेलं राहतं. क्रम असा, आधी काठी, मग कमजोर पाय, मग चांगला पाय. काठीवर अंग टाकून चालत असतील तर परत वजन चांगल्याच बाजूला पळतं, म्हणून चार पायांच्या जड काठीवरून जमेल तितक्या लवकर साध्या काठीवर आणायचं, पण तोल नसताना फुशारकी म्हणून काठी टाकायची नाही.

सरळ चालताना पडण्यापेक्षा वळताना पडणारे खूप. जागच्या जागी कमजोर पायावर गर्रकन वळायचं नाही, घड्याळाचे काटे सरकतात तसं छोट्या-छोट्या पावलांनी मोठा गोल घेऊन वळायचं, आणि खुर्चीत बसताना तर पोटऱ्यांना बैठक लागल्याशिवाय हात सोडायचा नाही. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना कमजोर पाय आधी, दोन्ही पाय एका पायरीवर आले की मगच पुढची पायरी. अडचण अशी होते की वर जाताना कठडा चांगल्या हाताला येतो आणि उतरताना तोच कठडा कमजोर बाजूला. दोन्हीकडे कठडा बसवणं उत्तम, नाहीतर उतरताना उलटं, तोंड वरच्या पायऱ्यांकडे करून यायचं, पण हे आधी फिजिओबरोबर करून बघितल्याशिवाय घरी नको. मदत करणाऱ्याने नेहमी खालच्या बाजूला उभं राहायचं.

हे सगळं जमलं की बोलता-बोलता चालायला लावा. प्रश्न विचारला की पेशंट उत्तर द्यायला थांबतो, म्हणजे चालण्यातच अजून सगळं लक्ष लागतंय. रस्त्यावर तर बोलणं, आवाज, गर्दी सगळं एकदम असतं. चालताना शंभरपासून उलटे आकडे, हातात अर्धा भरलेला पेला, असं घरात सुरक्षित जागी सुरू करा.

मशीन लागते का

हा प्रश्न येतोच. दोरीने वर टांगून ट्रेडमिलवर चालवण्याची 408 पेशंटांवर एक चाचणी झाली होती, 2011 मध्ये निकाल आले. एका गटाला ट्रेडमिल आणि दुसऱ्याला फिजिओ घरी येऊन ताकदीचे-तोलाचे व्यायाम. वर्षभराने दोन्हीकडे फरक सारखाच, एकूण 52 टक्के लोकांची चालण्याची पातळी वाढली होती, आणि ट्रेडमिल उशिरा, स्ट्रोकनंतर सहा महिन्यांनी सुरू केलेलेही त्यात मागे राहिले नाहीत. रोबोटिक मशीनचा फायदा मुख्यतः पहिल्या तीन महिन्यांत आणि जे अजिबात चालू शकत नाहीत त्यांना. जवळ असेल, परवडत असेल तर वापरा, नाही म्हणून काही गमावलं असं वाटून घेऊ नका. मालिश आणि पडून घेतलेला करंट यांनी बरं वाटतं, दुखणं थोडं हलकं होतं, पण अर्धा तास मालिश आणि पाच मिनिटं उभं राहणं असा हिशोब असेल तर तो उलटा करा.

पाय कडक होत असेल, घोटा आत वळत असेल, पाऊल टेकवलं की थडथड उडत असेल तर डॉक्टरांना दाखवा. बोटॉक्सच्या इंजेक्शनने स्नायू साधारण तीन महिने ढिला राहतो, तेवढ्या काळात सराव करून घ्यायचा असतो, नुसतं इंजेक्शन देऊन सोडलं तर तीन महिन्यांनी परत तिथेच. थकवा खरा असतो, आळस म्हणून टोमणे मारू नका, मेंदू त्याच कामाला आता जास्त खर्च करतोय, कठीण सराव सकाळी ताज्या वेळात घ्या. आणि साधारण तिघांमधल्या एकाला स्ट्रोकनंतर डिप्रेशन येतं, पेशंट गप्प झाला, रडायला लागला, "राहू दे आता" म्हणायला लागला तर त्यावर उपचार आहेत, व्यायाम त्याशिवाय पुढे जात नाही.

पडलेच तर

1995 मधल्या एका ब्रिटिश अभ्यासात हॉस्पिटलमधून घरी गेलेल्या 108 पेशंटपैकी 73 टक्के पहिल्या सहा महिन्यांत एकदा तरी पडले होते. त्यामुळे पडणार नाहीत असं धरून चालू नका. सुट्या सतरंज्या आणि वायरी उचला, रात्री बिछान्यापासून संडासापर्यंत दिवा, संडासात-बाथरूममध्ये भिंतीला पक्का दांडा, पायात मागून बंद असलेले बूट. कमजोर बाजूचं हाड वापर नसल्याने पातळ होत जातं आणि माणूस पडतोही त्याच बाजूला, म्हणून खुब्याचं फ्रॅक्चर बहुतेक त्याच पायाचं असतं.

व्यायाम करताना छातीत दुखणं, बोलता येणार नाही इतका दम, चक्कर, अशावेळी थांबायचं. चेहरा वाकडा झाला, बोलणं अडखळलं, नवीन कमजोरी आली तर वेळ लिहून ठेवा आणि सरळ हॉस्पिटल, गुठळी विरघळवायचं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. एका पोटरीला सूज आणि ऊब वाटली तर ती चोळायची नाही, आधी डॉक्टर.

पडल्यावर लगेच ओढून उठवू नका. आधी आहे तिथेच राहू द्या, कुठे दुखतंय विचारा, पाय एका बाजूला वळलेला किंवा आखूड दिसतोय का बघा, तसं असेल तर हलवायचं नाही, ॲम्ब्युलन्स बोलवा. सगळं ठीक असेल तर चांगल्या कुशीवर वळवा, चांगल्या कोपरावर जोर देऊन बसतं करा, समोर पक्की खुर्ची आणा, चांगला हात खुर्चीच्या बैठकीवर, गुडघ्यांवर यायचं, मग चांगला पाय पुढे घेऊन तळवा टेकवायचा आणि जोर देऊन वर, तोवर दुसऱ्याने मागून दुसरी खुर्ची सरकवायची. हे एकदा फिजिओसमोर गादीवर मुद्दाम शिकून ठेवा, पडल्यावर गडबडीत आठवत नाही. आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असताना डोक्याला मार लागला असेल तर बाहेरून काही दिसत नसलं, पेशंट "मला काही झालं नाही" म्हणत असला तरी लगेच हॉस्पिटलमध्ये नेऊन दाखवा.